सोळा कोंड्या

सिलिंडर पहाटेच संपलं,
आणि आई चिरनेरला, हळदीला.
महापेची रात्रपाळी उरकून मी करावे गावात शिरले तेव्हा
आबा ओट्याशी उभे, लायटर टकटकवत,
जणू आगीलाच ऐकू कमी येतंय.

माळ्यावरून मयुरेशचं मशीन काढलं.
आठ महिने चालला त्याचा वॉफलचा स्टॉल,
सीवूड्सला, मॉलच्या पायऱ्यांसमोर.
मग भाडं वाढलं, मग भागीदार गेला,
मग ती पाटी आम्ही खुराड्यावर टाकली.
आमच्या कोंबड्या आता बेल्जियमखाली झोपतात.

मिक्सरच्या प्लगला वायर लावली. लाल दिवा.
खाचांतून आधी जुन्या चॉकलेटचा वास आला,
बुडालेला धंदा पुन्हा तापतोय असा.
पुसलं. तेलाचा हात फिरवला.

चार अंडी घरचीच, एकाला पीस चिकटलेलं.
कांदा, दोन मिरच्या, कोथिंबीर,
कालच्या तांदळाच्या भाकरीचा कुस्करा,
आणि मूठभर जवळा, तीन पाण्यांतून काढलेला,
कारण डॉक्टरांनी आबांचं मीठ तोडलंय.
ज्याच्या टाचांच्या भेगांत
साठ वर्षांपूर्वीचं मीठ अजून निघेल
त्या माणसाला, चिमूटभरही नाही.

ओतलं. झाकलं.
आणि ते चारी बाजूंनी बाहेर आलं,
ओट्यावर, प्लगकडे, वीजबिलावर.
मी फडकं शोधत धावतेय
आणि आबा हसतायत:
"बाय, बांध फुटला तुजा."

उचकटून उघडलं तर अर्धं वर, अर्धं खाली.
तो राडा आम्ही चमच्याने खाल्ला, उभ्यानेच.
मग त्यांनी चष्मा लावला, वाकले,
आणि गरम लोखंडावरून, न टेकवता,
बोट फिरवायला लागले.
"यो त आगर हाय."
ही उघाडी, इकडून भरतीचं पाणी.
ही तापवणी. इथे ते दमतं, जड होतं.
मग ही कोंडी, ती भरली की पुढची,
"आनी काठाला येव द्यायचा नाय. कदी नाय."
बारा वर्षांचे असताना
शेठच्या माणसाने कानाखाली वाजवली होती म्हणे,
एक बोट पाणी जास्त सोडलं म्हणून.
हे मला माहीत नव्हतं,
एकतीस वर्षं एकाच घरात राहून.

मी फोनवर नकाशा उघडला. नक्की कुठे, आबा?
खाडीकडून मोजत मोजत,
सेक्टरांचे आकडे ओलांडत त्यांचं बोट आलं
आणि थांबलं
एका टॉवरच्या पोहण्याच्या तलावावर.
निळा, नीट कापलेला चौकोन.
बराच वेळ बघत राहिले.
"पानी हाय अजून," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या वेळी पळी त्यांच्या हातात.
मधोमध थोडं. थांबले. कडेला थोडं.
झाकण लगेच पाडलं नाही,
घोळ आपली आपण वाट काढेपर्यंत थांबले.
हिरवा दिवा लागला, मी हात पुढे केला,
"थांब. पापुद्रा धरू दे."

निघालं ते अख्खं. काठ कोरडे.
सोळा कोंड्या,
आणि जवळ्याचे काळे ठिपक्याएवढे डोळे
जिकडेतिकडे, आमच्याकडे बघणारे.

मयुरेश जांभई देत आला
आणि मशीन बघून दारातच थबकला.
कोणी काही बोललं नाही.
आबांनी ताट त्याच्याकडे सरकवलं.
त्याने कोपऱ्यातला एक चौकोन तोडला,
उगाच जास्त वेळ चावला.
"बरा झालाय," म्हणाला, "पण मीठ कमी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीकडे.
मिठाचा डबा मी कुठे लपवते
ते या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.